बाउतिस्ता सावेद्रा प्रांत : आयमारा आणि केचुआ लोकांच्या उभ्या भूमीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रांत नेमका कोठे आहे?

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया या देशाच्या पश्चिमेला ला पास नावाचा विभाग आहे. त्याच्या वायव्य भागात, पेरूच्या सीमेलगत आणि आपोलोबांबा पर्वतरांगेच्या कुशीत हा प्रांत वसला आहे. टिटिकाका सरोवर येथून दक्षिणेला राहते. चारासानी हे प्रांताचे मुख्य ठिकाण असून प्रांतात चारासानी आणि कुर्वा अशा दोन नगरपालिका आहेत. आपल्याकडे नगरपालिका म्हटले की गजबजलेले शहर डोळ्यांसमोर येते, परंतु बोलिव्हियात त्या शब्दाच्या कक्षेत आजूबाजूची खेडी, कुरणे आणि निर्जन डोंगरही येतात.

प्रांताला हे नाव कोणावरून मिळाले?

विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बाउतिस्ता सावेद्रा यांच्यावरून. हा भाग पूर्वी मुन्येकास प्रांतात मोडत असे. १९४८ साली तो वेगळा झाला. सावेद्रा यांनी १९०३ मध्ये ‘आयल्यु’ या संस्थेवर एक ग्रंथ लिहिला होता. आयल्यु म्हणजे अँडीज पर्वतातील भाऊबंदांचा आणि सामाईक जमिनीचा समूह. या प्रांताचे सारे जीवन ज्या संस्थेवर उभे आहे तिचा अभ्यास करणाऱ्या माणसाचेच नाव त्याला मिळाले, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

नकाशावर प्रांत लहान दिसतो. मग त्याचा भूगोल इतका गुंतागुंतीचा का म्हणतात?

कारण हा प्रांत आडवा पाहून समजत नाही, तो उभा पाहावा लागतो. सपाट नकाशावर ज्या दोन गावांमध्ये बोटभर अंतर दिसते, त्यांच्यात प्रत्यक्षात हजार मीटरचा चढ असू शकतो आणि त्या चढावर हवा, माती, पीक, जनावरे आणि कित्येकदा भाषाही बदलते.

चारासानी सुमारे ३२०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, म्हणजे येथील मुख्य गावच जवळजवळ दोन कळसूबाई एकमेकींवर ठेवाव्यात इतक्या उंचीवर आहे. तेथून खाली नदीकाठच्या उबदार उतारांवर मका, गहू आणि वाल यांसारखी पिके येतात. वर चढत गेले की साधारण साडेतीन हजार मीटरपासून बटाटा आणि ओका या कंदांचा पट्टा लागतो. चार हजार मीटरच्या पुढे शेती थांबते आणि गवताळ पठार सुरू होते. तेथे लामा आणि अल्पाका ही उंटाच्या कुळातील लोकरीची जनावरे आणि मेंढ्या चरतात. त्याच्याही वर खडक, हिमनद्या आणि अकामानीसारखी पवित्र शिखरे आहेत. प्रांताचा ईशान्येकडील भाग मात्र दमट, दाट जंगलाच्या खोऱ्यांत उतरतो आणि तिकडे वाहणारे पाणी शेवटी अ‍ॅमेझॉनला जाऊन मिळते. एकाच दिवसाच्या पायपिटीत माणूस थंडीने गारठून निघतो आणि घामाने भिजतो, असे येथील भूमीचे स्वरूप आहे.

आयमारा कोण आणि केचुआ कोण? एकाच प्रांतात दोन्ही भाषा कशा?

या दोन वेगळ्या भाषा आहेत आणि त्या बोलणाऱ्या लोकांनाही त्याच नावांनी ओळखले जाते. टिटिकाका सरोवराच्या भोवतालचा बोलिव्हियन प्रदेश मुख्यतः आयमारा भाषकांचा आहे. चारासानीचा परिसर त्या आयमारा प्रदेशाला लागून असलेले केचुआचे एक बेट आहे. इंका साम्राज्याने केचुआचा प्रसार दूरवर केला आणि वसाहतकाळातही ती पसरत राहिली. येथील केचुआ बोलिव्हियाच्या दक्षिणेकडील कोचाबांबा आणि पोतोसी भागांतील केचुआपेक्षा निराळी आहे. भाषाशास्त्रज्ञ तिला उत्तर बोलिव्हियन केचुआ म्हणतात.

दोन भाषांमधली सीमा कुंपणासारखी सरळ जात नाही. काआता डोंगरावरील आयल्युचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्याच्या उंचावरील अपाचेता या वस्तीतील पशुपालक आयमारा बोलतात. मधले काआता हे बटाट्याचे गाव आणि खालचे नीन्योकोरीन हे मक्याचे गाव केचुआ बोलते. तरीही तिन्ही वस्त्या स्वतःला एकाच डोंगराची माणसे मानतात. वरच्यांना मका हवा असतो, खालच्यांना लोकर, मांस आणि सुकवलेला बटाटा हवा असतो आणि मुलामुलींची लग्नेही वस्त्यांच्या आरपार होतात. भाषा वेगळी म्हणून समाज वेगळा, हे आपल्या मनात घट्ट बसलेले समीकरण येथे लागू पडत नाही आणि माझ्या मते या प्रांताकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

डोंगराला शरीर मानतात म्हणजे काय?

काआताचे लोक आपल्या डोंगराचे वर्णन माणसाच्या देहासारखे करतात. अपाचेता हे त्याचे डोके. तेथील गवत म्हणजे केस आणि तळी म्हणजे डोळे. मधले काआता म्हणजे धड, जेथे हृदय आणि आतडी आहेत. नीन्योकोरीन म्हणजे पाय. बी पेरण्यापूर्वी जमिनीच्या देवस्थानांना नैवेद्य दिला जातो तेव्हा उंचावरून लामा येतो, खालून मक्याची चिचा नावाची आंबवलेली पेये येतात आणि मधल्या गावात कोका या झुडपाची पाने, चरबी आणि रक्त एकत्र करून डोंगराला भरवले जाते. चरबी ही शक्ती आणि रक्त हा प्राण, अशी त्यामागची समजूत आहे.

याला केवळ काव्यमय कल्पना म्हणून बाजूला ठेवणे चुकीचे ठरेल. जमिनीवरील हक्काच्या भांडणात हीच कल्पना लोकांनी युक्तिवाद म्हणून वापरली आहे: पाय तोडून देह जगत नाही, म्हणून खालची जमीन परक्या जमीनदाराच्या हाती जाऊ देता येणार नाही.

येथील लोक काय पिकवतात आणि काय खातात?

बटाटा हे मुख्य अन्न आहे आणि टिटिकाकाच्या आसपासचा प्रदेश हा त्याच्या मूळ भूमीचा भाग आहे. आपल्या उपवासाच्या ताटातील बटाट्याची भाजी याच पर्वतांची देणगी आहे, हे मराठी वाचकाने जरूर लक्षात ठेवावे. शिवाय ओका आणि उल्युको हे कंद, किनोआ, आणि तारवी नावाचा कडू शेंगदाणा-डाळीसारखा एक दाणा येथे होतो. किनोआ हा आपल्या चाकवताच्याच कुळातला आहे. तारवीतील कडू विषारी अंश घालवण्यासाठी तो उकडून कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो.

सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे चुन्यो. जून-जुलै हा तेथील कोरडा हिवाळा असतो. रात्री कडाक्याचे दहिवर पडते आणि दिवसा प्रखर ऊन असते. सुगीनंतर लहान बटाटे पठारावरील गवतावर एकेरी थरात पसरून ठेवतात. रात्री ते दगडासारखे गोठतात आणि सकाळी ऊन लागले की मऊ पडतात. असे काही दिवस झाले की घरातील माणसे अनवाणी पायांनी त्या बटाट्यांच्या लहान ढिगांवर हळूहळू गोल फिरत ते तुडवतात. साली सुटतात, आतले पाणी पायाखालून ओघळते आणि थंडीने बधिर झालेल्या टाचांना तो ओला गारवा सोसावा लागतो. मग ते उन्हात खडखडीत वाळेपर्यंत ठेवतात. तयार झालेला चुन्यो काळसर, हलका आणि खड्यासारखा असतो. शिजवण्याआधी तो भिजवावा लागतो, पण नीट साठवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. वाहत्या पाण्यात बरेच दिवस बुडवून मग वाळवलेल्या पांढऱ्या प्रकाराला तुन्ता म्हणतात. ज्या थंडीने पीक मरते त्याच थंडीकडून साठवणीचे काम करून घेण्याची ही युक्ती इंकांच्याही आधीची आहे.

शेतीची कामे ‘आयनी’ पद्धतीने चालतात. आज मी तुझ्या शेतावर राबलो तर उद्या तू माझ्या शेतावर तितकेच राबायचे. इर्जिक आणि सावड हे शब्द ज्यांच्या गावात अजून जिवंत आहेत त्यांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. उंचावरील शेतजमीन सामुदायिक निर्णयाने आळीपाळीने पिकवली जाते आणि नंतर काही वर्षे पडीक ठेवली जाते.

काल्यावाया म्हणजे कोण?

काल्यावाया हे या प्रांतातील फिरस्ते वैद्य. कुर्वा, चाहाया, चारी, कान्लाया, वाता वाता आणि इंका ही गावे त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहेत. प्रांतातील सर्वच लोकांना सैल अर्थाने काल्यावाया म्हटले जाते, परंतु वैद्यकी करणारे त्यांपैकी थोडेच असतात. पेरणी आणि सुगी यांच्या मधल्या काळात हे वैद्य कापाचू नावाची रंगीत विणलेली झोळी खांद्याला अडकवून बाहेर पडत आणि महिनोन् महिने बोलिव्हिया, पेरू, चिली, आर्जेन्टिनापर्यंत गावोगाव हिंडत. आपल्याकडील वैदू समाजाची आठवण येणे स्वाभाविक आहे. काल्यावायांच्या पाठीशी मात्र स्वतःची शेती आणि गाव कायम उभे असते.

त्यांची परंपरा जुनी आहे. १६१५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या बखरीत पेरूतील मूळनिवासी लेखक ग्वामान पोमा दे आयाला यांनी इंका सम्राटाची पालखी वाहणाऱ्यांमध्ये काल्यावायांचा उल्लेख केला आहे. नीन्योकोरीन येथे सापडलेल्या एका वैद्याच्या थडग्यात नस्य ओढण्याची तबके, बस्तीची साधने आणि ग्वायुसा या झाडाच्या पानांच्या जुड्या मिळाल्या. हे थडगे इंकांच्या कितीतरी शतके आधीचे आहे. ग्वायुसा हे पूर्वेकडील दमट अरण्यांचे झाड. म्हणजे त्या काळीही हे लोक डोंगर उतरून जंगलाशी देवाणघेवाण करत होते. त्या वस्तू आज स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संग्रहालयात आहेत.

युनेस्कोने २००३ मध्ये काल्यावायांच्या विश्वदृष्टीला मानवजातीच्या मौखिक वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून गौरवले आणि २००८ मध्ये ती अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाली. युनेस्कोच्या नोंदीनुसार त्यांच्या औषधी वनस्पतींची संख्या सुमारे ९८० आहे. इतक्या जाती एका समाजाला ठाऊक असण्याचे कारण पुन्हा तोच उभा भूगोल आहे: बर्फाच्या कडेपासून अरण्याच्या तळापर्यंतचे सारे वनस्पतिविश्व त्यांच्या चालण्याच्या टप्प्यात येते.

ते वैद्य आहेत की मांत्रिक?

हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतात आणि तो विचारण्यात वावगे काही नाही. पोटदुखीवर मुन्या, खोकल्यावर विरा विरा, उंचीच्या त्रासावर चाचाकोमा अशी साधी वनौषधी ते देतात. दुसरीकडे, दचकल्यामुळे किंवा पडल्यामुळे माणसाचा ‘आहायु’ म्हणजे आत्म्याचा अंश शरीर सोडून गेला असे निदान झाले, तर रुग्णाचे कपडे हाती घेऊन रात्रीच्या शांततेत त्याला नावाने परत बोलावण्याचा विधीही ते करतात. डोंगरासाठी आणि पाचामामा म्हणजे धरित्रीसाठी ‘मेसा’ मांडतात, ज्यात कोकाची पाने, लामाची चरबी, फुले आणि रंगीत लोकर असते. त्यांच्या दृष्टीने आजार हा माणूस, त्याचे घर आणि त्याची जमीन यांच्यातील बिघडलेल्या नात्याची खूण असतो, त्यामुळे औषध आणि नैवेद्य हे एकाच उपचाराचे दोन हात ठरतात.

माझे मत विचाराल तर त्यांच्या वनस्पतिज्ञानाची कसून तपासणी व्हावी आणि विधींचा आदराने अभ्यास व्हावा; गंभीर आजारात आधुनिक रुग्णालय टाळावे असे मात्र कोणी यातून समजू नये. बोलिव्हियाने २०१३ साली पारंपरिक वैद्यकासाठी कायदा करून अशा उपचारकांच्या कामाला मान्यता आणि चौकट दिली आहे.

स्त्रियांचे स्थान काय?

झोळी घेऊन दूरदेशी जाणारे बहुतेक पुरुष असतात. वनस्पती गोळा करणे, सुईणपण आणि स्त्रिया व मुले यांचे उपचार मोठ्या प्रमाणात स्त्रिया सांभाळतात. कापाचू झोळ्या आणि कापड त्याच विणतात. पुरुष महिनोन् महिने बाहेर असताना शेत, जनावरे आणि गावची देणीघेणी त्यांच्याच खांद्यावर असतात. फिरस्त्या वैद्यांची कीर्ती सांगताना हा भाग नेहमी सुटतो.

काल्यावायांची गुप्त भाषा खरोखर आहे का?

आहे. तिचे नाव माचाय हुयाय. ती कोणाचीही मातृभाषा नाही. घरी केचुआ बोलणारे वैद्य ती वयात आल्यावर वडिलांकडून किंवा गुरूकडून उपचाराच्या कामासाठी शिकतात. तिचे व्याकरण बहुतांशी केचुआचे असून शब्दांचा मोठा साठा पुकिना या लुप्त भाषेतून आलेला आहे. सोळाव्या शतकात पेरूच्या वसाहती सत्तेने केचुआ आणि आयमारा यांच्या जोडीला पुकिनालाही सर्वसाधारण भाषेचा दर्जा दिला होता आणि १६०७ च्या एका ख्रिस्ती विधिग्रंथात तिचे नमुने जपले गेले आहेत. नंतर ती बोलणारे उरले नाहीत. मेलेल्या भाषेचे शब्द केवळ औषधांच्या आणि मंत्रांच्या ओठांवर जिवंत राहावेत, ही गोष्ट भाषेवर प्रेम करणाऱ्या कोणालाही हेलावणारी आहे. २००९ च्या राज्यघटनेने मान्य केलेल्या मूळनिवासी लोकांच्या ३६ भाषांमध्ये माचाय हुयायचाही समावेश आहे.

आयमारा आणि केचुआ मराठी माणसाला फार परक्या वाटतील का?

उच्चार कठीण जातील, पण दोन ठिकाणी मराठी माणूस इंग्रजी किंवा स्पॅनिश भाषकाच्या पुढे असेल. पहिले म्हणजे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद. ऐकणाऱ्यासह आणि ऐकणाऱ्याला वगळून, असे ‘आपण-आम्ही’ दोन्ही भाषांत आहेत: केचुआत न्योकांचीक आणि न्योकायकू, आयमारात हिवासा आणि नानाका. दुसरे म्हणजे आपला ‘म्हणे’. ‘तो आला म्हणे’ असे बोलताना आपण ती गोष्ट ऐकीव असल्याचे सांगून मोकळे होतो. आयमारात माहिती स्वतः पाहिलेली की ऐकलेली हे सांगण्यावर फार कटाक्ष असतो आणि ऐकीव गोष्टीला ‘सिवा’ जोडतात, ज्याचा मूळ अर्थ ‘म्हणतो’ असाच आहे.

तिसरी गोष्ट मात्र आपल्याला थबकवते. आयमारात ‘नायरा’ म्हणजे डोळा, पुढची बाजू आणि भूतकाळ. ‘किपा’ म्हणजे पाठीमागचे आणि भविष्य. जे घडून गेले ते दिसते म्हणून ते समोर असते, आणि जे यायचे आहे ते दिसत नाही म्हणून ते पाठीशी असते.

कोकाच्या पानांबद्दल गैरसमज का आहेत?

कोकेन याच पानातून रासायनिक प्रक्रियेने काढतात म्हणून. पान चघळणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याने भूक, थकवा आणि उंचीचा त्रास कमी जाणवतो. येथे कोकाशिवाय पाहुणचार, करार, मयत किंवा पेरणी होत नाही. बोलिव्हियाच्या राज्यघटनेने कोकाला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले आहे आणि २०१३ मध्ये हा देश पान चघळण्याच्या हक्काचा अपवाद नोंदवून आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करारात पुन्हा सामील झाला. भारतात १९८५ च्या कायद्याने कोकाचे पान बाळगणे गुन्हा आहे, तेव्हा आठवण म्हणूनसुद्धा ते परत आणू नये.

पेहराव आणि संगीताची ओळख काय?

चारासानीकडील स्त्रिया कपाळावर बारीक नक्षीची विणलेली पट्टी बांधतात, तिला विंचा म्हणतात. संगीतात कान्तू हा प्रकार या भागाचा खास आहे. वीस-तीस वादक वर्तुळात संथ फिरत, बांबूच्या नळ्यांचे सिकू वाजवतात, बरोबर मोठे ढोल आणि चिनिस्कू नावाचा लोखंडी त्रिकोण असतो. सिकू जोडीचे वाद्य आहे. एकाकडे काही स्वर, दुसऱ्याकडे उरलेले. एकट्याला पूर्ण चाल वाजवताच येत नाही. दोघांनी आळीपाळीने फुंकर घातली तरच गाणे सलग ऐकू येते.

राजकीय स्वायत्ततेचे काय झाले?

६ डिसेंबर २००९ रोजी बोलिव्हियातील १२ नगरपालिकांत मूळनिवासी स्वायत्ततेसाठी सार्वमत झाले. चारासानी त्यांपैकी एक होती आणि तेथील मतदारांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. तथापि, होकारानंतर स्वतःची घटना लिहिणे, ती तपासून घेणे आणि पुन्हा मतदान अशा पायऱ्या असतात. आयल्यु, शेतकरी संघटना आणि गावातील लोक यांच्यात एकमत घडवणे मतपेटीत चिठ्ठी टाकण्याइतके सोपे नसते.

आज या प्रदेशापुढे कोणती संकटे आहेत?

आपोलोबांबातील हिमनद्या आक्रसत आहेत आणि पठारावरील पाणथळ कुरणे, ज्यांवर अल्पाकांचे कळप अवलंबून असतात, ती त्याच पाण्यावर जगतात. पर्वतरांगेत सोन्याच्या खाणी आहेत आणि सोने वेगळे करण्यासाठी वापरला जाणारा पारा नद्यांमध्ये उतरतो. तरुण मुले ला पास आणि एल आल्तो या शहरांकडे जातात. तेथे काल्यावायांचा व्यवसाय काही प्रमाणात चालतोही, परंतु ज्याने वनस्पती डोंगरावर उगवलेली पाहिली नाही, तिच्याशेजारी काय उगवते आणि ती कोणत्या महिन्यात खुडावी हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तिचे केवळ नाव शिकवून भागत नाही.

जमेची बाजूही आहे. उया उया येथील राखीव क्षेत्र विकुन्या या लामाच्या कुळातील रानटी प्राण्याच्या रक्षणासाठी १९७२ मध्ये स्थापन झाले, १९७७ मध्ये ते युनेस्कोचे जीवावरण क्षेत्र ठरले आणि पुढे विस्तारून आपोलोबांबा या नावाने ओळखले जाऊ लागले. शिकारीने विरळ झालेले विकुन्यांचे कळप तेथे पुन्हा वाढले.

प्रत्यक्ष जायचे असेल तर कोणती काळजी घ्यावी?

मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ बरा. डिसेंबर ते मार्च पावसाने रस्ते खचतात. ला पासहून टिटिकाकाच्या काठाने एस्कोमामार्गे चारासानीला जाण्यात बहुतेक सगळा दिवस मोडतो. गावाखाली गरम पाण्याचे झरे आहेत आणि प्रवासाचा शीण घालवण्यास त्यांच्यासारखे साधन नाही. कुर्वाहून पेलेचुकोपर्यंतची चार-पाच दिवसांची पायवाट पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडींतून जाते. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या गिर्यारोहकांनीही आधी ला पासमध्ये काही दिवस राहून शरीराला विरळ हवेची सवय करून द्यावी.

विधी सुरू असताना विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये आणि वैद्याच्या झोळीला हात लावू नये. कोणी कोकाची पाने पुढे केली तर ती एका हाताने उचलून न घेता दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावीत, आणि तोंडात टाकण्यापूर्वी त्यांतली थोडी समोरच्या डोंगराकडे धरून फुंकर घालावी. यजमान तसे करताना दिसेलच.